पुतणीच्या मिलिटरी पोलीसबद्दल

ताई, पुतणी परभणीत बीएस्सी झालीय अन् मिलिटरी पोलीसमधे जायचं म्हणायलीय असं लिहिलंत म्हणून सांगतो, पोरींची ती भरती दहावीवर अग्निवीर म्हणून असते, ४ वर्षं, पुढं फक्त २५ टक्क्यांपर्यंत ठेवून घेतात, डिग्रीला तिथं कोण विचारतंय! ट्रेनिंग बेंगळुरूला, २०२१ला ८३ पोरींची पहिली बॅच तिथूनच निघाली. आधी वय बघा, ग्रॅज्युएशन होईस्तोवर लिमिट संपत येतं बऱ्याच जणींचं. मी तर म्हणतो सीडीएसच द्यावी, म्हंजे ऑफिसर व्हायची यूपीएससीची परीक्षा, पोरींना त्यातून चेन्नईची ओटीए, म्हंजे ऑफिसरांची ट्रेनिंग अकॅडमी, डायरेक्ट ऑफिसर, फक्त एसएसबी म्हंजे निवडीच्या मुलाखतीचे ५ दिवस घाम काढतात. संभाजीनगरच्या छावणीत मिलिटरी पोलीसची लाल टोपी-पांढरा पट्टा बघून आमचा चुलतभाऊबी असाच भुलला होता, पळायला मात्र एक दिवस उठला नाही 😀