आधी वरचा दोरा तपासा
शिलाई मशीनवर शिवताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो म्हणून तुम्ही बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) बदलून पाहिलीत. पण गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना दोरा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, सैल सुटतो. फूट वर करा, सगळा दोरा काढून पुन्हा पहिल्यापासून ओवा. मग सुई बदला, बोथट टोक नुसतं पाहून कळत नाही. नवी सुई पूर्ण वरपर्यंत सरकवा, चपटी बाजू मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणेच. टाके सुटत असतील तर तेही बऱ्याचदा यानेच थांबतं. शटलमधला (बॉबिन बसते त्या भागातला) कचरा ब्रशने काढा, फुंकर नको, तो आत जातो. बॉबिन केसच्या (बॉबिनच्या डबीच्या) स्क्रूला मात्र कृपया सर्वांत शेवटी हात लावा.