मदत हवी आहे: ५० पानांचा मसालेभात तळाला लागतो, वर कच्चा राहतो

प्रमाण असं: ४ किलो कोलम, दीड किलो तोंडली, पाव किलो काजू, १०० ग्रॅम गोडा मसाला. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळलेला, फोडणीत परतलेला; मग आधणाचं पाणी दुप्पट (मापाने, वजनाने नव्हे). पाणी आटलं की झाकण, मंद आच. तरी पातळ बुडाच्या पातेल्यात तळ करपतो आणि वरची शितं टणक. ढवळलं तर गिचका.

पातेल्याखाली जाड तवा ठेवावा की झाकणावर निखारे? तोंडली आधी वाफवली तर पाणी किती कमी करायचं? दोन पातेली केली असती, पण मोठी शेगडी एकच आहे. सत्यनारायण रविवारी, पंगत साडेबाराला. भात किती वाजता चढवावा?