चालीवर शब्द बसवणं: गीतलेखन की भरणी?

अर्धाअंतरा (धागाकर्ता)
वाद ओढवून घेतोय, ठाऊक आहे. आधी शब्द, मग चाल, हेच खरं. चाल आधी हातात आली की कवी बोटांवर मात्रा मोजत बसतो. तीन कमी पडल्या की 'सखे', चार पडल्या की 'आता'. झाला अंतरा! गीतरामायण बघा. १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुण्यावरून आठवड्याला एक अशी ५६ गीतं. मुदत मानेवर, तरी माडगूळकरांचे शब्द आधी, फडक्यांची चाल नंतर.

समेवरचा_मी
कारण त्या ओळींतच लय होती, साहेब! मुक्तछंदातली एखादी कविता घ्या आणि बांधून दाखवा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे' गाण्याची चाल झोपेतून उठता उठता मिळाली. शब्द नव्हते, म्हणून अंड्यांच्या भुर्जीवरची कसलीशी ओळ घालून गात राहिला. खरे शब्द मागून आले, ध्वनिमुद्रण १९६५ मध्ये. यात भरणी कुठे दिसते?

अर्धाअंतरा
तो स्वतःच चाल करणारा, स्वतःच लिहिणारा. स्वतःच्या मापाचा सदरा कुणीही शिवेल.

खर्जातली
मी दोन्हीकडून मार खाल्लाय, म्हणून लिहिते. चालीवर लिहिताना मात्रा कागदावर चोख जमतात आणि गाताना सम (तालाची पहिली, ठाशीव मात्रा) नेमकी 'च्या'वर येते. 'डोळ्यांच्या'मधला 'च्या' ठणकावून म्हटला की अर्थ मेलाच. मात्रा मोजून हे कळत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं. एकदा तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, लांबवायच्या जागी मी 'क्षितिजी' ठेवलं होतं. गायिका म्हणाली, 'ईकारावर गळा आवळतो, इथे आकार दे.' चिडले. मग 'क्षितिजी'च्या जागी 'दूर त्या वाटा' आलं आणि त्या 'वाटां'नी पुढचा अख्खा अंतरा ओढून आणला. नुसत्या कागदावर तो मला सुचला नसता.

अर्धाअंतरा
म्हणजे गळ्यासाठी 'क्षितिज' गेलंच ना?

खर्जातली
गेलं. कवितेत ठेवीन.

पेटीवाला
चाली बांधतो म्हणून दोन शब्द. मी मुखडा चालीवर मागतो, कारण ऐकणाऱ्याच्या ओठांवर तोच राहतो. अंतरे मात्र कवीनं मोकळे लिहावेत, मी वळवून घेतो. फक्त दुसरा अंतरा पहिल्याच्या मापाचा द्या. तिथे बहुतेक कवींचा विषय संपलेला असतो, मग पहिलंच पुन्हा वेगळ्या शब्दांत येतं. चालीला त्याचा दोष देऊ नका.

समेवरचा_मी
पेटीवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. 'सखे'वर मात्र बंदी हवी, तेवढं धागाकर्त्यांचं मान्य.

अर्धाअंतरा
अं... माझ्या कालच्याच मुखड्यात आहे. आणि तो चालीवर लिहिलेला नाही.