मदत हवी आहे: एव्हीई, एम्बार्गो, होल्डिंग स्टेटमेंट म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

नमस्कार मंडळी,
सांगली भागातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी प्रशासन बघते. आता प्रसिद्धीचं कामही माझ्याकडे आलंय. प्रेसनोट, फोटोओळी, कात्रणांची फाईल एवढं जमतं. पण विश्वस्तांनी मुंबईची पीआर (जनसंपर्क) एजन्सी नेमली आहे आणि त्यांच्या मेलमधल्या काही गोष्टींवर अडले आहे.

मोतीबिंदू शिबिराच्या बातमीपुढे ‘एव्हीई २,४०,०००’ लिहिलंय. बातमी चार कॉलम, उंची १० सेंमी. एवढे पैसे वाचले असं विश्वस्तांना सांगायचं का? पुढच्या नोटेवर ‘एम्बार्गो: रविवार सकाळी ११’ आहे, म्हणजे त्याआधी बातमी द्यायची नाही. वार्ताहर तो पाळतात का? आणि काही घडलेलंच नसताना ‘होल्डिंग स्टेटमेंट तयार ठेवा’ म्हणजे काय? व्याख्या वाचल्या आहेत, रोजच्या कामात काय करायचं ते हवंय.

प्रतिसाद १
तेवढ्याच जागेत जाहिरात दिली असती तर दरपत्रकाप्रमाणे किती पडले असते, तो आकडा म्हणजे एव्हीई. चार कॉलम म्हणजे साधारण १६ सेंमी रुंदी, गुणिले १० उंची, १६० चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला ५०० रुपये धरला तर ८०,००० होतात. बातमीवर लोकांचा विश्वास जास्त म्हणून काही जण त्याला तीननं गुणतात, की झाले २,४०,०००. दर कोणता धरला, कितीनं गुणलं, हे एजन्सीकडून लेखी घ्या.
पैसे वाचले असं मात्र सांगू नका. एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, हे २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांत (जनसंपर्काचं मोजमाप कसं करायचं याची तत्त्वं) स्पष्ट म्हटलंय. शिबिरात रुग्णांचे हाल झाले अशी बातमी तेवढ्याच जागेत आली असती, तरी एव्हीई तेवढाच निघाला असता! त्यापेक्षा केसपेपरवर ‘शिबिराचं कुठून कळलं?’ हा रकाना वाढवा आणि पेपर वाचून किती जण आले ते बैठकीत ठेवा.

प्रतिसाद २
मी जिल्हा आवृत्तीत बरीच वर्षं काढली आहेत. एम्बार्गो हा कायदा नाही, दिल्या शब्दाचा मामला आहे. आधी फोन करून ‘तोवर थांबाल ना?’ विचारा, हो म्हणाले की मगच नोट पाठवा. न विचारता पाठवलेल्या नोटेनं कुणी बांधलं जात नाही. ऑफ द रेकॉर्डचंही तसंच, बोलण्याआधी ठरवायचं, बोलून झाल्यावर नाही.
रविवारी ११ ही वेळ बदलून घ्या. तोवर अंक घरोघर पोचलेला असतो, तुमची बातमी सोमवारवर जाते आणि दरम्यान व्हॉट्सॲपवर फिरून शिळी होते. रविवारच्या अंकात हवी असेल तर शनिवारी मध्यरात्रीपर्यंतचा एम्बार्गो ठेवा.

प्रतिसाद १
होल्डिंग स्टेटमेंट, म्हणजे काही घडलं की पूर्ण माहिती येईपर्यंत लगेच द्यायचं छोटं निवेदन, रुग्णालयानं तयार ठेवायलाच हवं. शस्त्रक्रियेनंतर कुणाच्या डोळ्यात संसर्ग झाला, नातेवाईक जमले, कॅमेरे आले, अशा वेळी लिहायला बसलं तर उशीर होतो. चार ओळींचा मसुदा पुरे: काय कळलंय, रुग्णावर कुठे उपचार चालू आहेत, चौकशी कोण करतंय, पुढची माहिती किती वाजता. कारणाचा अंदाज बांधायचा नाही, रुग्णाचं नाव द्यायचं नाही. आणि दिलेली वेळ पाळायची, नवीन काही हाती नसलं तरीही. मसुदा डॉक्टरांकडून आणि वकिलांकडून आत्ताच तपासून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार, रकान्याचं उद्याच बोलते. ‘बॉयलरप्लेट’ अपडेट करा असंही म्हणालेत.

प्रतिसाद २
नोटेच्या तळाशी संस्थेचा परिचय असतो ना, तोच. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, त्यामुळे शिबिराची तारीख नि ठिकाण तिथे ठेवू नका. ते पहिल्या दोन ओळींत यायला हवं.