मदत हवी आहे: ‘सिल्विया’ लघुग्रहाचं नाव नक्की कुणावरून?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मद्रास वेधशाळेतून सापडलेल्या लघुग्रहांवर मराठी फलक करतोय. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी तिथून शोधलेले पाच घेतलेत: आशिया (१८६१), सॅफो (१८६४), सिल्विया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि व्हेरा (१८८५). आशियाचं सोपं आहे, आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच. सॅफो ग्रीक कवयित्री, कॅमिला रोमन पुराणातली लढवय्यी राणी. व्हेरा हे नाव पॉगसन यांच्या पत्नीने सुचवलं.

घोडं अडलंय ते ८७ क्रमांकाच्या सिल्वियापाशी. पॉल हर्गेट यांच्या नावांच्या संकलनानुसार ती फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ फ्लामारियाँ यांची पहिली पत्नी सिल्वी. दुसरं मत असं की ती रोम्युलस आणि रीमस या रोम वसवणाऱ्या पुराणातल्या जुळ्या भावांची आई रिआ सिल्विया. या लघुग्रहाच्या दोन उपग्रहांना २००५ मध्ये नेमकी रोम्युलस आणि रीमस हीच नावं दिली, त्यामुळे माझाही कल तिकडेच. पण ती नावं जवळपास १४० वर्षांनंतरची. पुरावा म्हणून कशी धरायची?

विकिपीडिया आणि जेपीएल या नासाच्या संस्थेचा लघुग्रहांचा डेटाबेस पाहून झालाय, त्यामुळे त्यांच्या लिंका कृपया नकोत. पैसे भरून उघडणारी नियतकालिकं परवडणार नाहीत. इंग्रजी चालेल, फ्रेंच-जर्मन येत नाही. फलकावर जागा जेमतेम दोन ओळींची, म्हणजे दोन्ही मतं मावणार नाहीत.

पॉगसन यांनी १८६६ मध्ये स्वतः केलेली नावाची घोषणा कुणी वाचली आहे का, आणि ती फुकट कुठे वाचता येईल?