पगार झाला की पोरं गायब? आधी पगाराची तारीख सांगा!

सेटर_निवृत्त
'वर्कशॉपवाला' यांनी परवा जो धागा काढला, त्याचं सार असं: भोसरीत छोटं युनिट, १० तारखेला पगार, ११ आणि १२ ला निम्म्या मशिनी बंद, फोन स्विच ऑफ, १३ ला साहेब हजर आणि कारण काय तर 'आजी वारली'. त्यावरून निष्कर्ष: 'मराठी पोराला काम नको, पगार हवा. बिहारी पोरगा बघा, तापातसुद्धा मशीनवर उभा राहतो.' खाली अंगठ्यांचा पाऊस.

गप्प बसणार होतो, पण आजीवर गेले म्हणून लिहितोय.

मी पर्मनंट होतो, ती कंपनी बंद पडल्यावर कॉन्ट्रॅक्टवर राबलो. दोन्हीकडची हजेरी बघितली आहे. पर्मनंटला असताना अंगात कणकण असली तरी माणूस पंच करायचा, कारण हजेरी भत्ता बुडायचा, पीएल, म्हणजे हक्काची भरपगारी रजा, साठायची, पुढे काहीतरी दिसायचं. तीच माणसं कॉन्ट्रॅक्टवर गेली आणि दांड्या मारायला लागली. संस्कार एका रात्रीत गेले का? सलग नोकरीचे हक्क लागतील असे २४० दिवस भरू नयेत म्हणून आधीच 'ब्रेक' द्यायचा, महिन्याने दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने परत घ्यायचं. मालकाने महिनाभर घरी बसवलं तर तो ब्रेक, आणि पोरगा दोन दिवस आला नाही तर त्याची अख्खी जात-जमात काढायची!

आणि १० ला पगार? हजाराच्या आत माणसं असतील तर ७ च्या आत द्यायचा, हा नियम १९३६ च्या कायद्यापासून आहे. तुमचा पगारच दर महिन्याला तीन दिवस खाडा करतो.

बिहारी पोराचं म्हणाल तर खोलीत आठ जण झोपतात, तिथे तापात पडून राहायला जागा कुठे आहे? छठला गावी गेला की महिनाभर परत येत नाही, त्याचा धागा कधी काढणार?

वर्कशॉपवाला
कॉन्ट्रॅक्टरचं पाप माझ्या माथी मारू नका. माझी चौदा माणसं, सगळी माझ्याच रोलवर. कायद्यावर आलातच तर ऐका. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. मला नव्वदीला मिळतात, तेही चार फोन केल्यावर. सांगू कस्टमरला कायदा? पुढची ऑर्डर तुम्ही देणार? माझा माल वेळेत गेला नाही आणि पुढे कस्टमरची लाइन थांबली, तर नुकसानीची डेबिट नोट माझ्या नावाने फाटते. तेव्हा कुणाची आजी वारली ते कुणी विचारत नाही. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट काढून पगार करतो मी. घरचे दागिने एकदा बँकेत जाऊन आलेत.

पावशेर_चहा
वाद कशाला घालताय? मुंबईचे डबेवाले बघा. १८९० पासून ऊन, पाऊस, लोकल बंद, काहीही असो, डबा वेळेवर. तीही मराठीच माणसं, मावळ-खेडचीच. हार्वर्डने अभ्यास केला, सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ शून्य चुकांचा दर्जा, मिळाला. भोसरीच्या पोरांना आठवडाभर त्यांच्याबरोबर पाठवा.

मावळचा_मी
आला, डबेवाला आला! कामचुकारपणाचा विषय निघाला की आमच्या घरच्यांना शोकेसमध्ये उभं करता राव.

माझे चुलते आयुष्यभर अंधेरी-चर्चगेट करत होते. ते नोकर नव्हते. टोळीची कमाई टोळीत वाटली जाते, सायकल-क्रेट ज्याचं त्याचं. आपल्याच धंद्याला दांडी कोण मारेल? आणि दांडी मारत नाहीत असं कोण म्हणतं? चैत्रात गावच्या जत्रा लागल्या की अख्खी मुंबई बिनडब्याची राहते. फरक एवढाच की ते आधी सांगून जातात आणि कुणाची परवानगी मागत नाहीत.

पावशेर_चहा
म्हणजे माझंच म्हणणं झालं. शिस्त आहे. टोपी नसली तरी दंड असतो त्यांच्यात.

मावळचा_मी
दंड त्यांनीच ठरवलेला आहे, एचआरने नाही. आणि ते सिक्स सिग्मा सोडा आता. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये लेख आला, तिथून ते पसरलं. सर्टिफिकेट कुणी दिलेलं नाही.

पावशेर_चहा
प्रिन्स चार्ल्स २००३ ला चर्चगेटला भेटायला आले होते, तेही खोटं का? स्वतःच्या माणसांचं कौतुक बघवत नाही तुम्हाला, हा खास मराठी रोग.

मावळचा_मी
कौतुकाने घर चालत नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर ऑफिसं घरी बसली, तेव्हा यातली किती माणसं गावी परतली ते विचारलंत कधी? माझा चुलतभाऊ आज रिक्षा चालवतो. शतकभर वेळेवर आल्याचं बक्षीस!

रात्रपाळी
तुमचे डबे घरी पोचले असतील तर एक बोलू? खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. सकाळची बाई न सांगता आली नाही की मॅनेजमेंटचं काहीही बिघडत नाही, तिचा पगार कापतात आणि मोकळे होतात. थांबते कोण? रात्रभर उभी असलेली मी. पेशंट सोडून जाता येत नाही. माझं पोर शाळेच्या गेटवर शेजारणीची वाट बघत उभं. सेटरकाका, तुमचा खाडा मालकाला लागतो असं तुम्हाला वाटतं. तो बाजूच्या मशीनवाल्याला लागतो.

सेटर_निवृत्त
ताई, लागतो. दोन-दोन मशिनी मीही सांभाळल्यात, शिव्या देतच. पण जादा माणूस ठेवायचा कुणी? दहा मशिनींना मोजून दहाच पोरं ठेवायची, आणि एक आजारी पडला की बाकीच्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडायची. मालक नामानिराळा.

वर्कशॉपवाला
जादा माणूस ठेवायचा! तुम्ही भरा त्याचा पगार.

गुरुवारचा_बाप
कुणीच न बोललेली गोष्ट. पिंपरी-भोसरीत सुट्टी गुरुवारी. पोरांची शाळा बंद रविवारी. लग्न, बारसं, साखरपुडा, सगळं रविवारी. मी माझ्या पोरीचं एकही गॅदरिंग बघितलेलं नाही. म्हणून कधीकधी मीही 'आजी वारली' सांगतो. खरं सांगितलं तर सुपरवायझर म्हणतो, 'गॅदरिंगला काय तू नाचणार आहेस?'

पावशेर_चहा
ही झाली कबुली! खोटं बोलून दांडी, वर सहानुभूतीही पाहिजे.

गुरुवारचा_बाप
तुम्ही एसीत बसून डबे मोजा.

लालबाग_८२
आप्पा गिरणीत बदली कामगार होते. रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. पर्मनंटपैकी कुणी आलं नाही तर काम, नाहीतर चालत घरी. म्हणजे एकाच्या खाड्यावर दुसऱ्याची चूल पेटायची. आप्पा कधी चुकले नाहीत, काम असो-नसो, गेटवर हजर. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही त्यात होती. पुढचं सांगायला नको, आता तिथे टॉवर आहेत. निष्ठेवर व्याख्यान देणाऱ्यांना एवढंच विचारतो, रोज येणाऱ्या माणसाला गिरणीने काय दिलं?

वर्कशॉपवाला
माझी गिरणी नाही हो, पत्र्याची शेड आहे. बरं. पुढच्या महिन्यापासून ७ ला पगार करतो, सीसीचं व्याज तुमच्या नावाने उधार. पण ८ आणि ९ ला मशीन बंद दिसलं तर सेटर_निवृत्त, तुम्ही येऊन चालवायचं.

सेटर_निवृत्त
येईन की. ओव्हरटाइम डबल देता का?

वर्कशॉपवाला
सिंगल. सगळे सिंगलच देतात.

सेटर_निवृत्त
मग माझी आजी वारली समजा.