रॉ फोटोतली 'हायलाइट रिकव्हरी': मराठीत काय म्हणावं?

निळाई
एका मुक्त रॉ कन्व्हर्टरच्या (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या 'रॉ' फाइलमधून फोटो तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मेनूचं मराठीकरण करतेय. 'हायलाइट रिकव्हरी'ला, म्हणजे फोटोतल्या अतिउजळ भागांतला हरवलेला तपशील परत आणण्याच्या सोयीला, मी 'उजळ भागांची पुनर्प्राप्ती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'जळालेल्या भागांची दुरुस्ती' केलं. आता मला दोन्ही खटकतंय. त्याच्या खालीच 'टोनल लेव्हल्स' (उजेड-काळोखाचे टप्पे) आहे, तिथे सध्या 'छटापातळ्या' घातलंय. काय ठेवावं?

जुनाकॅमेरा
'जळालेले' नको. फिल्मच्या काळात आम्हीही 'हायलाइट जळले' म्हणायचो, पण त्याच डार्करूममध्ये प्रिंटचा एखादा कोपरा 'बर्न' करणं म्हणजे त्याला जास्त प्रकाश देऊन गडद करणं. एकाच शब्दाने एकदा पांढरं व्हायचं, एकदा काळं. आणि मराठीत जळलं की काळंच होतं.

मुक्ताक्षर
बोलणारे बोलतात तोच शब्द खरा. 'आकाश जळलंय' म्हटल्यावर कोणाही फोटोवाल्याच्या डोळ्यांपुढे काळं आकाश येत नाही. 'पुनर्प्राप्ती' मात्र कोणाच्याच तोंडी नाही.

सहाफूटतिपाई
शब्द ठरवण्याआधी आत काय घडतं ते बघू, कारण एकाच स्लायडरखाली दोन वेगळी कामं चालतात.

पहिलं काम: रॉमध्ये ढगाचा तपशील शाबूत आहे, फक्त कन्व्हर्टरच्या नेहमीच्या कर्व्हने (कुठला उजेड किती उजळ दाखवायचा ते ठरवणाऱ्या वक्ररेषेने) तो पांढऱ्याजवळ दाबून टाकलाय. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) बहुधा जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच प्रक्रिया केलेल्या फोटोवरून, काढलेला असतो, म्हणून तिथे 'गेलं' दिसलं तरी रॉमध्ये असू शकतं. इथे 'परत मिळवणे' बरोबर आहे.

दुसरं काम: सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) भरून गेलाय, आणखी उजेड नोंदवूच शकत नाही. दिवसाच्या उजेडात लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलपैकी (रंगनोंदींपैकी) बहुतेक वेळा हिरवा आधी भरतो. मग व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून) लाल आणि निळ्याला गुणलं जातं, हिरवा मात्र तिथेच अडकलेला, आणि ढगाच्या कडेला किरमिजी डाग उमटतो. कन्व्हर्टर एक तर सगळे चॅनल एका उंचीवर छाटून सपाट पांढरं करतो, नाही तर उरलेल्या चॅनलवरून आणि शेजारच्या पिक्सेलवरून हिरव्याचा अंदाज बांधतो. हे परत मिळवणं नव्हे, रचणं आहे. डार्कटेबल या मुक्त रॉ कन्व्हर्टरमध्ये त्या मोड्यूलचं नाव 'रिकन्स्ट्रक्शन' (पुनर्रचना) आहे ते याचसाठी. अडोबीनेही २०१२ साली लाइटरूम ४ मध्ये जुना 'रिकव्हरी' स्लायडर काढून 'हायलाइट्स' ठेवला.

निळाई
म्हणजे दोन शब्द लागतील. पण मेनूत जागा एकाचीच आहे.

शब्दपारखी
मराठीकडे यासाठी तयार जोडी आहे. पांढराशुभ्र आणि पांढराफटक! शुभ्र म्हणजे धुतलेल्या कापडाची वीण दिसते तसा पांढरा. फटक म्हणजे काही उरलेलं नाही असा. छाटलेल्या भागाला 'फटक भाग' म्हणा.

मुक्ताक्षर
फटक एकटा कधी येत नाही. 'फटक' नुसतं लिहिलं तर वाचणारा अडखळेल. आणि पांढराफटक पडतो तो चेहरा, घाबरल्यावर.

शब्दपारखी
चेहराही रक्त उतरल्यावरच तसा पडतो ना? तपशील उतरलेल्या आकाशाला तोच शब्द लागू पडतो. 'छटा'वर मात्र माझा आक्षेप आहे. संस्कृतात छटा म्हणजे झळाळी, तेज. आपण ती रंगाच्या फरकासाठीही वापरतो. 'टोन' म्हणजे उजेड-काळोखाचा चढ-उतार, त्याला रंगछटेशी का मिसळायचं?

सहाफूटतिपाई
'पातळ्या'ही नको, 'पायऱ्या' म्हणा. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि नोंद सरळ प्रमाणात असल्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपला (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचं माप) त्यातल्या निम्म्या, ८,१९२, मिळतात. पुढच्याला ४,०९६, मग २,०४८. सहाव्या स्टॉपपर्यंत उतरलात की २५६ उरतात. म्हणून सावली खेचून वर आणली की पट्टे आणि गोंगाट (नॉइज, म्हणजे नको असलेले बारीक ठिपके) दिसतो, आणि उजळ भाग खाली ओढला तर तो मऊच राहतो. फक्त वरच्या टोकाला कठडा नाही. शेवटच्या पायरीनंतर काहीच नाही.

जुनाकॅमेरा
फिल्मला तसं टोक नव्हतं. निगेटिव्हचा कर्व्ह वरच्या अंगाला हळूहळू वाकायचा, त्याला आम्ही 'खांदा' म्हणायचो. आजचे कन्व्हर्टर तो खांदा गणिताने बनवतात. 'खांदा' हा शब्द मेनूत आला तर मला फार आवडेल.

मुक्ताक्षर
'गोंगाट' कशाला? नॉइजला 'दाणे' म्हणतात.

जुनाकॅमेरा
दाणे फिल्मचे. चांदीचे खरे दाणे असतात ते. सेन्सरच्या नॉइजला दाणे म्हणणं सर्वस्वी चूक.

निळाई
माझा रिकव्हरीचा प्रश्न तसाच आहे. 'उजळ भाग सावरणे' चालेल का? सावरणं म्हणजे उरलेलं धरून ठेवणं आणि विस्कटलेलं नीट लावणं, दोन्ही.

शब्दपारखी
'सावरणे' सुंदर आहे. पण मग शॅडोजसाठीही जोडी हवी: तपशील असलेली सावली काळीभोर आणि बुडालेली काळीकुट्ट.

मुक्ताक्षर
काळेभोर डोळे आणि केस. सावली काळीभोर असल्याचं कधी ऐकलं नाही.